बॉर्डरलेस फोटो : कडेची माणसे का कापली जातात?

लग्नातील नातेवाइकांचा समूहफोटो घरच्या प्रिंटरवर छापला, की टोकाला उभ्या असलेल्या काकांचा खांदा कापला गेल्याचे अनेकदा आढळते. संगणकाच्या पडद्यावर मात्र तो पूर्ण दिसत असतो. हा प्रिंटरचा बिघाड नव्हे. ‘बॉर्डरलेस’ म्हणजे बिनकाठाच्या छपाईची पद्धतच तशी आहे.

इंकजेट प्रिंटरमध्ये रोलर कागद थोडाथोडा पुढे सरकवतात आणि प्रिंट हेड आडवे फिरत शाईचे सूक्ष्म थेंब सोडते. कागद दरवेळी अगदी सरळच जाईल, याची खात्री नसते. चित्र कागदाच्या नेमक्या मापाचे छापले आणि कागद अर्धा मिलिमीटर जरी तिरका गेला, तरी एका बाजूला पांढरी रेघ उरेल. म्हणूनच साध्या छपाईत चारही बाजूंना कोरी जागा सोडलेली असते.

ही जागा नको असेल, तर प्रिंटर चित्र कागदापेक्षा किंचित मोठे करतो आणि कडेबाहेरही शाई फवारतो. कागदाखालील स्पंजसारख्या पट्ट्या ती शोषून घेतात. कडेबाहेर सांडलेला हा भाग म्हणजेच काकांचा खांदा.

दुसरी काटछाट मापामुळे होते. ४ बाय ६ इंची कागदाच्या बाजूंचे प्रमाण २:३ असते, तर मोबाइलवरील फोटो बहुधा ३:४ प्रमाणात निघतो. असा आडवा फोटो ६ इंच रुंदीभर पसरवला, की त्याची उंची साडेचार इंच होते. वरचा अर्धा इंच, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा, छाटावाच लागतो. त्यात उभ्या माणसांची डोकी जाऊ शकतात.

सांडलेल्या शाईचाही हिशेब असतो. प्रिंट हेड साफ करताना वापरली जाणारी शाईही प्रिंटरमधील शोषक पॅडमध्येच जाते. किती शाई साठली याचा अंदाज प्रिंटर ठेवतो आणि मर्यादा गाठली, की छपाई थांबवतो. काही मॉडेलमध्ये ही शाई साठवणारी पेटी घरीच बदलता येते. इतरांसाठी दुरुस्ती केंद्र गाठावे लागते.

यावर उपाय सोपे आहेत. छापण्यापूर्वी फोटो संगणकावर २:३ प्रमाणात स्वतःच कापावा. म्हणजे काय गाळायचे, हे प्रिंटर ठरवणार नाही. माणसांभोवती थोडी मोकळी जागा राखावी. चित्र किती वाढवायचे, याची सोय अनेक प्रिंटरच्या सेटिंगमध्ये असते. ती किमान ठेवावी. मात्र त्यामुळे पांढरी कड उमटण्याची शक्यता थोडी वाढते.

कडेचा प्रत्येक चेहरा मोलाचा असेल, उदाहरणार्थ आजी-आजोबांच्या काळातील जुना समूहफोटो, तर बॉर्डरलेसचा मोह टाळलेलाच बरा. मोठ्या कागदावर कोरी जागा सोडून फोटो छापावा आणि पट्टी धरून कटरने कापावा. चार मिनिटे जास्त लागतील, पण फोटोतून कोणी वगळले जाणार नाही.