हाँगकाँगचं ऑक्टोपस कार्ड
मेट्रो, बस, फेरीबोट. सगळीकडे एकच कार्ड! १ सप्टेंबर १९९७ रोजी हाँगकाँगमध्ये ऑक्टोपस कार्ड सुरू झालं आणि पहिल्या तीनच महिन्यांत सुमारे ३० लाख कार्डं लोकांच्या खिशात गेली.

कार्डात सोनीची फेलिका चिप असते. बॅटरी मात्र नसते. कार्ड यंत्राजवळ नेलं की यंत्राच्या रेडिओलहरींतूनच चिपला वीज मिळते आणि अर्ध्या सेकंदाच्या आत भाडं कापलं जातं.

त्याहून कौतुक वाटतं ते एकीचं. रेल्वे, बस आणि फेरी चालवणाऱ्या पाच कंपन्यांनी १९९४ मध्येच यासाठी संयुक्त कंपनी काढली होती.

भारतातही २०१९ पासून असंच नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे. मुंबईत मेट्रो २अ आणि ७ वर, तसंच पुणे मेट्रोतही ते चालतं. नसेल तर जरूर घ्या, तिकिटाची रांग टळेल!