बाबा काय करताहेत?

बालरोगतज्ज्ञाच्या खोलीत मोजमापाला फार मान असतो. वजन, उंची, डोक्याचा घेर, लसींच्या तारखा अशा साऱ्या नोंदी झाल्या की मग बोलायला थोडी सवड मिळते. मूल दीड-दोन वर्षांचे असले की अलीकडे मी आईवडिलांना एक प्रश्न हमखास विचारतो : ‘‘तुम्ही घरी काय काय करता, हे याला दिसते का?’’ बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. मग तो उलगडून सांगावा लागतो. प्रस्तुत लेख म्हणजे ते उलगडणेच आहे, जरा ऐसपैस केलेले.

वर्तमानपत्र, पुस्तक, रेडिओ, ध्वनिमुद्रिका, कॅसेट, छायाचित्रांचा अल्बम, पंचांग, पासबुक, हिशेबाची वही, आंतर्देशीय पत्र, रेल्वेचे वेळापत्रक या सगळ्या वस्तू एका काळ्या काचेच्या पाटीत जाऊन बसल्या, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. २००७ साली आयफोन आला, २०१० साली आयपॅड आला आणि २०१६च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट इतके स्वस्त झाले की ही पाटी घराघरांत पोहोचली. २०२०च्या मार्चमध्ये शाळांना कुलूप लागले आणि मुलांच्या दप्तरानेही तोच रस्ता धरला. आम्हा डॉक्टर मंडळींचेही काही वेगळे झाले नाही. एम.डी. करताना ‘नेल्सन’ हातात धरून वाचणे हा मनगटाचा व्यायामच असे. आज तोच ग्रंथ टॅबलेटवर वाचतो. क्ष-किरणांची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून, भुवया उंचावून पाहण्याची आमची ती ऐटबाज लकब आता संपल्यातच जमा आहे. मला त्याची खंत वाटत नाही. रात्री दोन वाजता एखाद्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या औषधाची मात्रा पडताळून पाहायची असते, तेव्हा ही पाटी हाताशी आहे याचे समाधानच वाटते.

तेव्हा जुन्या वस्तूंसाठी गळा काढण्याचा माझा हेतू नाही. माझी चिंता निराळी आहे, आणि ती समजून घ्यायची तर जमिनीपासून अडीच फूट उंचीवरून, म्हणजे मुलाच्या डोळ्यांनी, घराकडे पाहावे लागेल.

माझे बालपण १९७०च्या दशकात इंदूरच्या रामबागेत गेले. सकाळी घरात ‘नई दुनिया’ येई (त्याचे संपादक राहुल बारपुते आपल्याच मराठी मंडळींतले, याचा वडिलांना भारी अभिमान). वडील पहिले पान घेत, काका खेळाचे पान ओढून नेत, आजोबा शेवटी उरलेली पाने चष्मा पुसून वाचत. मला अक्षर ओळखता येत नव्हते, तरी वडील वाचत आहेत हे मला दिसत होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते वही काढून बसले की हिशेब चालला आहे, आता खाऊला पैसे मागू नयेत, हे कळत होते. आई पत्र लिहायला बसली की मावशीला लिहिते आहे, शेवटी दोन ओळींची जागा माझ्यासाठी राखलेली असेल, हे ठाऊक होते. दुपारी रेडिओ लागला की तो सगळ्यांसाठी लागे; ऐकायचे नसले तरी कानांवर पडे. प्रत्येक कामाची वस्तू वेगळी होती आणि प्रत्येक वस्तूबरोबर माणसाची बसण्याची ठेवण, हातांची हालचाल, चेहऱ्यावरचा भाव वेगळा असे. घर हे एक उघडे पुस्तकच होते म्हणा ना!

आता आजच्या बाळाच्या जागी बसून पाहा. वडील बातम्या वाचत आहेत. मान खाली, अंगठा चालू. वडील विजेचे बिल भरत आहेत. मान खाली, अंगठा चालू. भावाला निरोप पाठवत आहेत, कोणाच्या निधनाची वार्ता वाचत आहेत, भाजी मागवत आहेत, ज्ञानेश्वरी वाचत आहेत. सगळीकडे तीच मान आणि तोच अंगठा. वडील दिवसभरात दहा कामे करतात. मुलाला त्यांतले एकच दिसते : बाबा फोन बघताहेत. मग तेही फोनच मागते आणि आपण म्हणतो, ‘‘बघा, याला कसे व्यसन लागले!’’ वस्तुतः ते वयाला साजेसे अनुकरण करीत असते. उलटे धरलेले वर्तमानपत्र गंभीर मुद्रेने ‘वाचणारे’ दीड वर्षाचे पोर आपण सर्वांनी पाहिले आहे. ते अनुकरण आणि हे अनुकरण यांत मुलाकडून काहीच फरक झालेला नाही. अनुकरण करण्याजोगे जे घरात दिसत होते, ते मात्र आटले आहे.

हे केवळ स्मरणरंजन नव्हे. साधारण नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत मुलात एक मोठा बदल होतो. दुसरा माणूस जिकडे पाहतो तिकडे ते पाहू लागते, बोट दाखवू लागते आणि त्याने पाहिले की नाही याची खात्री करून घेते. दोघांचे लक्ष एकाच वस्तूवर जडते आणि त्या क्षणी मोठ्याच्या तोंडून जो शब्द निघतो तो त्या वस्तूला चिकटतो. भाषा अशी लागते. यासाठी मोठ्या माणसाची नजर मुलाला दिसेल अशा वस्तूकडे गेली पाहिजे. तळहातावरच्या काचेत गेलेल्या नजरेचा पाठलाग मुलाला करता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात केलेला एक प्रयोग आमच्या विषयात प्रसिद्ध आहे. आई बाळाशी हसतखेळत बोलते. मग तिला सांगितले जाते की दोनतीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेव. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते आणि काहीच उत्तर येत नाही असे दिसल्यावर कासावीस होऊन तोंड फिरवते. तेव्हा स्मार्टफोन कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आज मात्र असा निर्विकार चेहरा माझ्या प्रतीक्षाकक्षात रोज दिसतो आणि तो दोनतीन मिनिटांत संपत नाही.

दुसरा प्रयोग पॅट्रिशिया कूल यांचा, २००३ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या, घरी फक्त इंग्रजी ऐकणाऱ्या बाळांना चिनी भाषा ऐकवण्यात आली. काही बाळांपुढे चिनी बोलणारी जिवंत माणसे बसली. पुस्तके दाखवून, खेळणी हाताळून बारा वेळा त्यांच्याशी बोलली. काहींना त्याच माणसांचे तेच बोलणे पडद्यावर दाखवले. पहिल्या गटातली बाळे त्या परक्या भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. पडद्यासमोरची बाळे काही शिकली नाहीत. बोलणारे तेच, बोलणेही तेच. समोर माणूस असणे आणि नसणे, एवढाच काय तो फरक!

इंदूरसारख्या गावात आपल्या मंडळींना या प्रयोगाचे महत्त्व अधिक वाटायला हवे. महाराष्ट्रात मूल घराबाहेर पडले की मराठी पाट्या, मराठी दुकानदार, मराठी शाळासोबती त्याला भेटतात. इथे दाराबाहेर हिंदी, शाळेत इंग्रजी. मराठी टिकली ती घरात, आणि घरात ती वस्तूंच्या अंगाखांद्यावर बसून आली. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले ‘किशोर’ टपालाने येई आणि आधी कोणी वाचायचे यावरून भावंडांत हाणामारी होई. महाराष्ट्र साहित्य सभेच्या ग्रंथालयातून आणलेली पुस्तके असत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण इथे तबकड्यांतून आणि पुढे कॅसेटींतून पोहोचले. फीत गुंतली की पेन्सिल घालून ती गुंडाळायची. दिवाळी अंक तर वाड्यातल्या पाच बिऱ्हाडांत फिरून मुखपृष्ठ गमावूनच परत येई! यांतली कोणतीही वस्तू खास मुलाला मराठी शिकवण्यासाठी आणलेली नव्हती. मोठी माणसे आपल्या हौसेने वाचत, ऐकत. मूल शेजारी लुडबुडत असे आणि मराठी त्याच्या अंगाला लागत असे.

आज हे सर्व साहित्य पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात फोनमध्ये उपलब्ध आहे. आजोबा कानांत बोंडे घालून गीतरामायण ऐकतात. आजी तिच्या पडद्यावर तिची मालिका पाहते. दोघांनाही अवीट आनंद मिळतो. नातवाच्या कानांवर मात्र एक शब्द पडत नाही. त्याच्या हाती जो टॅबलेट दिलेला असतो, त्यावर एका इंग्रजी बालगीतापाठोपाठ दुसरे आपोआप लागत राहते.

दोनेक वर्षांपूर्वी सुदामानगरातले एक कुटुंब माझ्याकडे आले. मुलगा सव्वादोन वर्षांचा. आईवडील दोघेही संगणक क्षेत्रात, घरात आजीआजोबा. मुलाला इंग्रजीत वीसपर्यंत अंक येत होते, रंगांची नावे येत होती, तीही अमेरिकी ढंगाने. पण तहान लागली की तो आईचा हात धरून तिला माठापाशी ओढत नेई. ‘आई’ ही हाक नाही, ‘पाणी’ हा शब्द नाही. वडील म्हणाले, ‘‘डॉक्टर, इतके शब्द येतात, मग हा बोलत का नाही?’’ शब्द येणे आणि बोलणे यांतली तफावत इतक्या नेमकेपणाने त्यांनीच मांडली.

अशा वेळी उठल्याबसल्या फोनवर खापर फोडण्याची घाई डॉक्टरने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी श्रवणचाचणी झाली पाहिजे. स्वमग्नतेची लक्षणे आहेत का हे नीट तपासले पाहिजे. मूल हाकेला वळते का, बोट दाखवते का, रिकाम्या कपातून चहा पिण्याचे नाटक करते का, हे पाहिले पाहिजे. स्वमग्नता फोनमुळे होते असे सिद्ध झालेले नाही आणि तसे सूचित करून आईच्या मनाला आयुष्यभराची टोचणी लावणे हा अपराधच होय. या मुलाच्या सगळ्या तपासण्या समाधानकारक निघाल्या. त्याआधी कोणीतरी आईला सल्ला दिला होता की घरात मराठी, हिंदी, इंग्रजी अशी खिचडी असल्याने मूल गोंधळले आहे, मराठी बंद करा. हा सल्ला मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता रागही येत नाही. दोन-तीन भाषांमुळे मुलाला वाचादोष होत नाही. सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजावेत, एवढेच. आजीआजोबांची भाषा बंद करणे म्हणजे घरात बोलायला सर्वांत मोकळी असलेली दोन माणसेच मुकी करून ठेवणे!

मार्गदर्शक तत्त्वे आपल्या सर्वांना पाठ आहेत. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने १९९९ सालीच दोन वर्षांखालील मुलांना दूरचित्रवाणी नको म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा घातली, तीही ‘कमी तितके बरे’ असे सांगून. आपल्या भारतीय बालरोग अकादमीची तत्त्वे २०२२ साली ‘इंडियन पीडिएट्रिक्स’मध्ये छापून आली, दोन वर्षांखाली पडदा नकोच, मात्र नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला मुभा, असे त्यांत आहे. मी ती तत्त्वे मानतो आणि पालकांना सांगतोही. परंतु मिनिटे मोजायची ती मुलाची. मोठ्यांनी चांगला आदर्श घालून द्यावा असे एक वाक्य असते, ते वाचून सगळेजण मान डोलावतात आणि पुन्हा मान खाली घालतात.

त्या कुटुंबाला मी दोनच गोष्टी सांगितल्या. मुलाच्या हातचे गाण्यांचे यंत्र बंद. आणि मुलाच्या देखत फोन हातात घ्याल तेव्हा काय करता आहात ते मोठ्याने मराठीत बोला. ‘बाबा आता विजेचे पैसे भरतोय.’ ‘आत्याचा निरोप आलाय, तिच्याकडे पाऊस पडतोय.’ जमेल तेव्हा पडदा त्याच्याकडे वळवा. वडिलांना आरंभी फार संकोच वाटला. नंतर त्यांनी हसत कबुली दिली की मोठ्याने सांगावे लागते म्हणून निम्म्या वेळा फोन उचललाच जात नाही; ‘बाबा आता उगाचच बघतोय’ असे मुलाला कोणत्या तोंडाने सांगणार?

आजींनी मात्र माझ्या सांगण्यापलीकडे मजल मारली. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर विनामूल्य खुले केले आहेत, हे त्यांनी कुठूनसे शोधून काढले. सुनेकडून ते टॅबलेटवर उतरवून घेतले. छापील अंकातली अक्षरे त्यांना आता दिसत नाहीत, इथे दोन बोटांनी ताणून हवी तेवढी मोठी करता येतात. रोज संध्याकाळी नातवाला मांडीवर घेऊन, टॅबलेट दोघांच्या मधे धरून त्या बोट ठेवून वाचू लागल्या. हे ऐकून मला मौज वाटली. तीच पाटी, तोच पडदा. पण त्याकडे पाहणारी डोळ्यांची जोडी एकाऐवजी दोन झाली की त्याचे पुस्तक होते. हाच मुलगा दूरदेशी असता आणि आजींनी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवले असते, तरी काही ना काही पोहोचले असते. कारण कॉलवरची आजी मुलाच्या प्रश्नाला थांबते, उत्तर देते. आपोआप लागणारे गाणे कोणासाठी थांबत नाही.

सात-आठ महिन्यांनी ते लसीसाठी पुन्हा आले. मुलगा आता तीन शब्दांची वाक्ये बोलतो, ‘आजी, अजून वाच’ हे त्यांतले आवडते. आजींची तक्रार एवढीच होती की टॅबलेटची बॅटरी नेमकी गोष्टीच्या ऐन मध्यावर संपते. मग उरलेली गोष्ट नातूच सांगतो, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. आणि कोल्ह्याला दर वेळी शेवटी जिलेबी खायला मिळते.