खरूज एकाला, औषध घराला

"डॉक्टर, ट्यूब संपली, पण मुलीची खाज काही जात नाही." ही तक्रार मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. मी विचारतो, "घरात आणखी कुणी खाजवतं का?" आई जरा संकोचते. "धाकटा खाजवतो थोडा. पण ती उष्णता असेल."

ती उष्णता नसते. खरूज म्हणजे घाणेरडेपणाची खूण, हा समजही चुकीचा आहे. आठ पायांचा, अर्ध्या मिलिमीटरहून लहान जीव कातडीच्या वरच्या थरात बोगदा करून अंडी घालतो. एका अंथरुणात झोपणाऱ्यांत तो सहज पसरतो, मग घर कितीही स्वच्छ असो.

ओळखायची कशी? खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेला आणि जांघेत बारीक पुरळ दिसतं. तान्ह्या बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर आणि डोक्यावरही येतं.

खरी गोम पुढेच आहे. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो, पण खरूज दुसऱ्याला देत असतो. म्हणून औषध घरातल्या सर्वांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो.

डॉक्टर बहुधा 5 टक्के परमेथ्रिनचं मलम देतात. ते मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, नखांखालीही लावावं. हात धुतले तर हातांना पुन्हा लावावं. 8 ते 12 तासांनी, म्हणजे सकाळी, अंघोळ करावी. आठवड्याने हेच पुन्हा करावं. तान्ही मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आधी डॉक्टरांना विचारावं. त्याच दिवशी कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. धुता न येणारं सामान पिशवीत घट्ट बांधून निदान तीन दिवस ठेवावं. माणसाच्या अंगाबाहेर हा जीव सहसा त्याहून जास्त तगत नाही.

एवढं करूनही खाज 2 ते 4 आठवडे राहू शकते. जीव मेला तरी त्याची ॲलर्जी ओसरायला वेळ लागतो. घाबरून रोज मलम चोपडू नका. मात्र नवं पुरळ आलं किंवा महिन्यानंतरही खाज राहिली, तर पुन्हा दाखवा. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमाने तात्पुरतं बरं वाटतं, पण खरूज लपते आणि पसरत राहते. खाजवून पू झाला, तर क्वचित मूत्रपिंडालाही सूज येते.

तेव्हा डॉक्टरांकडे गेलात की एका मुलाचं नव्हे, घरातल्या सगळ्या माणसांचं औषध मागा.