जुना ट्रॅक्टर घेण्यापूर्वी त्याच्या देखभालीच्या नोंदी तपासा

नव्या ट्रॅक्टरची किंमत अनेक शेतकऱ्यांच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे वापरलेला ट्रॅक्टर घेण्याकडे कल असतो आणि योग्य निवड केल्यास तो व्यवहार फायद्याचाही ठरतो. मात्र खरेदीच्या वेळी रंग, टायर आणि आवाज एवढेच पाहिले जाते. रंग आठ दिवसांत देता येतो. इंजिन आतून किती झिजले आहे हे रंगावरून कळत नाही. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर ऐन वाफशावर बंद पडला, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा पेरणी लांबल्याचे नुकसान मोठे असते. म्हणून जुन्या मालकाकडील सर्व्हिस पुस्तिका, पावत्या व मेकॅनिकची वही मागून घ्यावी आणि ती पुढीलप्रमाणे वाचावी.

१) तास आणि तारीख एकत्र वाचा

ट्रॅक्टरचे वय वर्षांत न मोजता कामाच्या तासांत मोजावे. प्रत्येक पावतीवरील तारीख व अवर मीटरचा आकडा एका कागदावर क्रमाने लिहून काढावा. समजा, २०१८ च्या मे महिन्यात घेतलेल्या ट्रॅक्टरच्या नोंदी अशा आहेत : मे २०१९ - ६४० तास, मे २०२० - १,२५० तास, मे २०२१ - १,८६० तास, मे २०२३ - २,०१० तास आणि मे २०२५ मध्ये मीटरवर २,१५० तास. पहिली तीन वर्षे दरवर्षी सुमारे ६०० तास काम झाले आणि पुढील चार वर्षांत मिळून केवळ २९० तास. येथे थांबून विचार करावा. मालकाने भाड्याची कामे बंद केली असतील, तर आकडे खरे असू शकतात. परंतु त्याच काळात नवे मागचे टायर, क्लच प्लेट अशा पावत्या असतील, तर मीटर बंद होते असे समजावे. पूर्वीच्याच गतीने काम झाले असल्यास खरे तास ४,२५० च्या आसपास, म्हणजे मीटरच्या जवळपास दुप्पट भरतात.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमधील मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते. ठरावीक फेऱ्यांवर इंजिन चालले तरच घड्याळाचा एक तास मीटरवर एक तास म्हणून नोंदला जातो, कमी फेऱ्यांवर कमी नोंदला जातो. केबल तुटली की मीटर थांबते, ट्रॅक्टर चालूच राहतो. म्हणून मीटर हा एक पुरावा आहे, एकमेव पुरावा नव्हे.

२) किरकोळ पावत्या अधिक बोलतात

मोठ्या दुरुस्तीची पावती मालक अभिमानाने दाखवतो. आपण मात्र ऑईल व फिल्टरच्या पावत्या आधी मोजाव्यात. अनेक ट्रॅक्टरमध्ये इंजिन ऑईल सुमारे २५० तासांनी बदलण्याची शिफारस असते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा त्याच्या पुस्तिकेत पाहावा. या हिशोबाने २,००० तासांत सुमारे आठ वेळा ऑईल बदललेले असावे. पावत्या तीनच असतील, तर उरलेल्या वेळी काय झाले हे विचारावे. घरी ऑईल बदलणारे शेतकरी पावती ठेवत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. अशा मालकाला कोणते ऑईल, किती लिटर व किती तासांनी बदलता, असे विचारावे. नियमित काळजी घेणारा चटकन उत्तर देतो.

एअर क्लीनरची चौकशी अवश्य करावी. रोटाव्हेटर व मळणीच्या कामात धूळ फार असते. एअर क्लीनर स्वच्छ नसेल, तर ही धूळ सिलिंडरमध्ये जाऊन लायनर व रिंगा झिजवते.

३) एकच दुरुस्ती पुन्हा पुन्हा झाली आहे काय?

पावत्यांची जाड फाईल म्हणजे चांगली देखभाल, असे मानू नये. तीच दुरुस्ती वारंवार होत असेल, तर मूळ कारण तसेच राहिले आहे.

(अ) दोन वर्षांत दोन-तीन क्लच प्लेट : जादा भाराच्या ट्रॉल्या किंवा क्लचवर पाय ठेवून चालविण्याची सवय.
(आ) रेडिएटरचे काम आणि पाठोपाठ हेडचे पॅकिंग : इंजिन तापते.
(इ) नोझल व पंपाचे काम वारंवार : डिझेलमध्ये पाणी वा कचरा, फिल्टरकडे दुर्लक्ष.
(ई) चिखलणीच्या भागातील ट्रॅक्टरला सारखी ऑईल सील : चिखल-पाणी आत जात असल्याने बेअरिंग व ब्रेकही तपासावेत.

४) 'इंजिनचे काम केले आहे' म्हणजे नेमके काय?

हे वाक्य ऐकून समाधान मानू नये. पावतीतील सुटे भाग वाचावेत. केवळ रिंगा व पॅकिंग बदलले असेल, तर ते अर्धेच काम होय. लायनर-पिस्टन, बेअरिंग, गरजेनुसार क्रँक ग्राइंडिंग व हेडचे काम अशा नोंदी असतील, तर काम पूर्ण झाले असे म्हणता येईल. त्यानंतर थोड्याच तासांत पहिले ऑईल बदलल्याची नोंद आहे का, तेही पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, इतक्या कमी तासांत इंजिन का उघडावे लागले हे विचारावे. धुळीमुळे झिजलेले इंजिन नवे केले, पण एअर क्लीनर तसाच ठेवला, तर ते पुन्हा झिजणार.

५) कागद व यंत्र यांचा मेळ घाला

पाहणीस जाण्यापूर्वी ट्रॅक्टर सुरू करू नये, असे मालकास सांगावे. बॉनेट उघडून इंजिन थंड असल्याची खात्री करावी व नंतर चालू करण्यास सांगावे. गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिल्यास इंजिन ऑईल जळते. ब्रीदरमधून जोराने धूर येत असल्यास रिंगा-लायनर झिजलेले असण्याची शक्यता असते. डिपस्टिकवर दुधाळ ऑईल दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. फाईलमध्ये 'नवे इंजिन' आणि समोर निळा धूर असेल, तर यंत्रावर विश्वास ठेवावा.

ट्रॅक्टरने कोणते काम केले तेही विचारावे. उसाच्या वाहतुकीत क्लच, ब्रेक व मागचा हूक झिजतो, तर रोटाव्हेटरच्या कामात पी.टी.ओ. व गिअर बॉक्सवर ताण येतो. तास सारखे असले तरी झीज सारखी नसते.

६) मालकीचे कागद

आर.सी. बुकवरील इंजिन व चेसिस क्रमांक यंत्रावरील क्रमांकाशी पडताळावेत. बँकेचा बोजा असल्यास नमुना ३५ व बँकेचा ना हरकत दाखला घ्यावा. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

नोंदी अजिबात नसलेला ट्रॅक्टर वाईटच असतो असे नाही. मात्र अशा वेळी ऑईल, फिल्टर, क्लच व इंजिनच्या संभाव्य कामाचा खर्च विश्वासू मेकॅनिककडून काढून घ्यावा व तो किमतीतून वजा करूनच बोली करावी. खरेदीनंतर पहिल्याच दिवशी सर्व ऑईल व फिल्टर बदलून एक वही घालावी आणि त्यात तारीख, तास व काम लिहीत जावे. पुढे आपणास हाच ट्रॅक्टर विकावयाचा झाल्यास ही वही चांगला भाव मिळवून देईल.