एक्सेल हँग होतंय? जास्त व्हीसीपीयू घेण्याआधी हे तपासा



महिन्याची ११ तारीख जवळ आली की जीएसटीआर-१ ची घाई सुरू होते. ऑफिसातले चार-पाच जण रिमोट डेस्कटॉपने एकाच सर्व्हरवर बसलेले, प्रत्येकाची मोठी एक्सेल शीट उघडी आणि स्क्रीनवर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. होस्टिंगवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं, "सर, प्लॅन वाढवा. ४ चे ८ व्हीसीपीयू करून देतो." त्यानं बिल नक्की वाढतं. वेग वाढेलच असं मात्र नाही. का, ते आज समजून घेऊ.

व्हीसीपीयू म्हणजे काय?

सर्व्हरच्या खऱ्या प्रोसेसरचा तुमच्या वाट्याला आलेला हिस्सा म्हणजे व्हीसीपीयू. इंटेलच्या एका कोअरवर सहसा दोन थ्रेड चालतात, आणि अशा बहुतेक क्लाउड मशीनवर १ व्हीसीपीयू म्हणजे १ थ्रेड. म्हणजे ४ व्हीसीपीयू घेतले तरी मागे खरे कोअर दोनच. कोटेशनची तुलना करताना हा प्रश्न विचाराच.

दुकानाच्या भाषेत सांगतो. व्हीसीपीयू म्हणजे बिलिंग काउंटर. चार काउंटर असले की चार गिऱ्हाइकांचं काम एकदम होतं. पण एकाच गिऱ्हाइकाची ट्रॉली एकाच काउंटरवर लागली असेल, तर बाकीचे तीन काउंटर रिकामे बसून त्याचं बिल लवकर होत नाही.

एक्सेलचं कोणतं काम वाटलं जातं?

एक्सेल २००७ पासून फॉर्म्युल्यांचं काम अनेक थ्रेडवर वाटलं जातं. हजारो ओळींत एकमेकांवर अवलंबून नसलेले व्हीलुकअप किंवा समइफ्स असतील, तर जादा व्हीसीपीयूचा फायदा दिसतो.

हे मात्र वाटलं जात नाही:

- व्हीबीएमध्ये लिहिलेले मॅक्रो. ते एकाच थ्रेडवर चालतात. व्हीबीएमध्ये स्वतः बनवलेल्या फंक्शन्सचंही तेच.
- वरची शिल्लक अधिक जमा वजा नावे, अशी साखळी. वरची ओळ झाल्याशिवाय खालची होतच नाही.
- इनडायरेक्टसारखी काही फंक्शन्स.

पाच मिनिटांची चाचणी

सर्व्हरवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'डिटेल्स' टॅबमध्ये जा, एखाद्याला त्याची जड फाइल चालवायला सांगा आणि त्याच्या एक्सेलसमोरचा सीपीयूचा आकडा बघा.

४ व्हीसीपीयू असताना आकडा २५ च्या आसपास अडकला, तर काम एकाच काउंटरवर चाललंय. ८ असतील तर हाच आकडा १२-१३ दिसेल. अशा वेळी व्हीसीपीयू वाढवून पैसे वाया जातील. तिथे जास्त वेगाचा, म्हणजे जास्त गिगाहर्ट्झचा नवा प्रोसेसर हवा, नाहीतर मॅक्रो सुधारायला हवा.

आकडा ८०-९० पर्यंत गेला, किंवा दोन-तीन जणांचे आकडे मिळून १०० भरले, तर व्हीसीपीयू खरोखर कमी पडतायत. आणि आकडा कमी, पण रॅम ९० टक्क्यांच्या वर? मग आधी रॅम वाढवा. एक्सेल ३२ बिटचं असेल तर ते २ ते ४ जीबीच्या पुढे रॅम वापरूच शकत नाही; ६४ बिटचं टाका.

मग किती द्यायचे?

माझा सुरुवातीचा हिशोब साधा आहे. एकूण माणसं मोजू नका, एकाच वेळी जड फाइल चालवणारी माणसं मोजा. अशा प्रत्येकाला २, बाकी हलकं काम करणाऱ्या सगळ्यांना मिळून १ आणि विंडोजला १. समजा पाच जण आहेत, त्यातले दोघे जड काम करतात: ४ + १ + १ = ६. यावरून सुरू करा, आणि महिन्यातल्या सर्वांत गर्दीच्या दिवशी वरची चाचणी पुन्हा करा. खरा आकडा तो दिवस सांगेल.

एकाची फाइल सगळ्यांना अडवत असेल तर त्याच्या एक्सेलला मर्यादा घाला. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, मग खाली फॉर्म्युलाज. तिथे थ्रेडची संख्या 'मॅन्युअल' करून २ ठेवा. त्याला थोडं थांबावं लागेल, पण बाकीच्यांचं काम चालू राहील.

स्वतःचा सर्व्हर असेल तर

एकाच डब्यावर टॅलीसाठी एक आणि एक्सेलसाठी एक अशी व्हर्च्युअल मशीन बनवली असतील, तर दोघांनाही सगळे व्हीसीपीयू देऊन टाकायचा मोह होतो. पण खरे कोअर तेवढेच असतात. दोन्हीकडे एकदम काम आलं की दोघंही रांगेत थांबतात. गरजेपुरतेच द्या.

आणखी एक. विंडोज १० किंवा ११ प्रो दोनच सॉकेट वापरतं. ४ व्हीसीपीयू '४ सॉकेट' म्हणून दिलेत, तर दोन वाया जातील. '१ सॉकेट, ४ कोअर' असं द्या.

स्वस्त प्लॅन घेताना

एडब्ल्यूएसच्या टी३ सारख्या 'बर्स्टेबल' मशीनला जोरात चालण्यासाठी क्रेडिट लागतं. तासन् तास जड काम केलं की क्रेडिट संपतं. मग सेटिंगप्रमाणे एकतर वेग उतरतो, नाहीतर जादा पैसे लागतात. गर्दीच्या दिवशी हे परवडणार नाही.

फुकटातले उपाय आधी

मोठ्या शीटमध्ये कॅल्क्युलेशन 'मॅन्युअल' ठेवा आणि हवं तेव्हा एफ९ दाबा. रिटर्नसाठी आकडे उचलण्याआधी तर दाबाच, नाहीतर जुनेच आकडे जातील. ऑफसेट आणि इनडायरेक्ट शक्यतो टाळा, कारण प्रत्येक बदलाला ती पुन्हा चालतात. जुन्या वर्षांचा डेटा वेगळ्या फाइलमध्ये हलवा.

तर मंडळी, होस्टिंगवाल्याला फोन करण्याआधी टास्क मॅनेजरचा आकडा कागदावर लिहून घ्या. मग त्याच्याशी बोलताना काय मागायचं, हे तुम्ही ठरवाल. टास्क मॅनेजर आणि थ्रेडची सेटिंग व्हिडिओत स्क्रीनवर करून दाखवली आहे. बघा आणि आजच करून टाका!