विश्लेषण : कॉर्न स्नेकच्या पिल्लाचे घर कसे असावे? मोठ्या पेटीत ते उपाशी का राहते?

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये वाढणारा भाचा व्हिडिओ कॉलवर सांगतो, ‘मामा, मी साप पाळणार आहे!’ इकडे आजीचा चेहरा पडतो. तिकडे मात्र ही फार नवलाची गोष्ट नाही. बिनविषारी आणि शांत स्वभावाचा कॉर्न स्नेक तिथे पहिल्यांदा साप पाळणाऱ्यांच्या आवडीचा आहे. पण घरी आणलेले पिल्लू खातच नाही, खाल्लेले ओकते किंवा पेटीतून नाहीसे होते, या तक्रारीही नेहमीच्याच. अनेकदा दोष पिल्लात नसतो, त्याच्या घरात असतो.

कॉर्न स्नेक म्हणजे कोणता साप?

हा मूळचा आग्नेय अमेरिकेतला. आपल्या धामणीप्रमाणेच उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य, म्हणून त्याला ‘रेड रॅट स्नेक’ असेही म्हणतात. अंड्यातून निघालेले पिल्लू २० ते ३० सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीएवढे जाड असते. पूर्ण वाढलेला साप साधारण तीन ते पाच फुटांचा होतो आणि चांगली निगा राखल्यास १५ ते २० वर्षे जगतो.

पेटी केवढी हवी?

इथेच पहिली चूक होते. ‘पुढे मोठा होणारच आहे’ म्हणून चार फुटांची पेटी आणली जाते आणि त्यात एक फांदी व पाण्याचे भांडे ठेवले जाते. जंगलात पिल्लाला पक्षी, मोठे साप असे अनेक शत्रू असतात. उघड्यावर राहणे म्हणजे जिवाशी खेळ, हे त्याला उपजतच कळते. त्यामुळे मोकळ्या पेटीत ते सतत धास्तावलेले राहते आणि घाबरलेला साप खात नाही. सुरुवातीला दीड-दोन फूट लांबीची पेटी पुरते. मोठी घेतलीच, तर ती आडोशांनी आणि कृत्रिम पानांनी भरून टाका. मोठ्या सापाला मात्र किमान चार फुटांची पेटी द्यावी.

ऊब किती आणि कशी द्यायची?

सापाला शरीराची उष्णता स्वतः तयार करता येत नाही. तो उबेच्या जागी जाऊन तापतो, नकोसे झाले की गारव्याला सरकतो. म्हणून पेटीचे एक टोक २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसरे २२ ते २४ अंश ठेवावे. ऊब कमी पडली तर पोटातले अन्न पचत नाही आणि पिल्लू ते ओकून टाकते.

ऊब देण्यासाठी पेटीच्या साधारण एक तृतीयांश तळाखाली हीट मॅट लावतात. ती थर्मोस्टॅटशिवाय कधीही वापरू नये. गिझरमधला थर्मोस्टॅट पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की वीज तोडतो, तेच काम इथेही होते. तो नसेल तर तळ इतका तापू शकतो, की सापाचे पोट भाजते. दोन्ही टोकांना डिजिटल थर्मामीटर ठेवा. हाताने चाचपून अंदाज बांधू नका. पेटी खिडकीतल्या उन्हात ठेवणेही धोक्याचे, कारण काच लगेच तापते.

आत काय ठेवायचे?

- दोन आडोसे : एक उबेच्या, एक गारव्याच्या बाजूला. एकच असेल तर पिल्लाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यातून एकाची निवड करावी लागते. आडोसा अंगाला लागेल इतका लहान असावा.
- तळाला : ॲस्पेन लाकडाचा कीस किंवा कागदी टॉवेल. देवदाराचा कीस टाळा, त्यातील तेलकट द्रव्ये सापाला अपायकारक असतात.
- पाणी : उथळ, सहज न कलंडणारे भांडे. पाणी रोज बदला.
- आर्द्रता : ४० ते ६० टक्के. कात टाकण्याच्या दिवसांत ओलसर शेवाळ घातलेला डबा ठेवा.
- झाकण : कुलूप किंवा घट्ट पकड असलेले. डोके शिरेल त्या फटीतून पिल्लू बाहेर पडते, त्यामुळे वायर जाते ते भोकही तपासा.

घरी आणल्यानंतर काय?

पहिला आठवडा त्याला हात लावू नका. पाहुण्यांना दाखवण्याचा मोह आवरा. त्यानंतर गोठवलेले, पूर्ण वितळवून कोमट केलेले उंदराचे पिल्लू चिमट्याने द्या. पुढे दर पाच ते सात दिवसांनी एक पुरते. खाल्ल्यावर ४८ तास साप हाताळू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे दर वेळी साबणाने हात धुवा आणि पाच वर्षांखालील मुलांना साप हाताळू देऊ नका.

सगळीकडे पाळता येतो का?

नाही. अमेरिकेतही नियम राज्यागणिक बदलतात. हवाईत साप पाळण्यास बंदी आहे, तर जॉर्जियात कॉर्न स्नेक स्थानिक असल्याने तो पाळता येत नाही. भारतात परवान्याशिवाय तो आणता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटे व केकच्या पाकिटांत दडवलेले ११ साप सापडले होते. त्यात दोन कॉर्न स्नेक होते.

हे वाचून अंगणातली धामण पेटीत ठेवावीशी वाटली, तर थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात घरात साप निघाल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आणि परदेशातल्या भाच्याला एवढेच सांगा : आधी स्थानिक नियम बघ. मग पेटी लाव, आठवडाभर दोन्ही टोकांचे तापमान तपास. ते स्थिर राहिले, तरच पिल्लू आण.