पेटीचा भाता, प्लायवूड आणि कॉकपिट

बाजाच्या पेटीचा भाता आणि विमान यांचा काही संबंध असेल, असे सहसा कोणाला वाटणार नाही. पण जमिनीवर बसून विमान चालवायला शिकवणारे पहिले यशस्वी यंत्र भात्यांवरच उभे होते. अमेरिकेत बिंगहॅम्टन या गावी एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. एडविनला उडण्याचे वेड, आणि उडायला शिकण्याचा खर्च मात्र भारी. त्याने कारखान्यातलेच भाते, झडपा आणि हवेचा पंप घेतले व त्यांवर एक लाकडी खोके बसवले. आत बसणाऱ्याने दांडा डावीकडे ढकलला की भात्यांतील हवा बदलून खोके डावीकडे कले. हे १९२९ साल. सुरुवातीला लोकांनी या यंत्राकडे जत्रेतल्या पाळण्यासारखेच पाहिले. पुढे १९३४ मध्ये अमेरिकेच्या सैन्यावर टपाल वाहून नेण्याचे काम येऊन पडले. खराब हवेत, नुसत्या यंत्रांकडे पाहून उडण्याची सवय नसल्याने अनेक वैमानिक प्राणांस मुकले, आणि मग सैन्याने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक याच खोक्यात बसून शिकले.

त्याच महायुद्धाच्या काळात इकडे गोंदियाजवळ बिरसी येथे ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली. हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता; १ मे १९९९ पासून गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. २००८ च्या सुमारास या धावपट्टीवर राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. भारतीय विमानपत्तन प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई ही कंपनी यांचा हा संयुक्त उपक्रम, आणि सीएईचा मुख्य व्यवसायच सिम्युलेटर बनवण्याचा. शिकाऊ वैमानिकांच्या छोट्या विमानांची घरघर त्या भागातल्या मुलांच्या चांगली ओळखीची आहे. विमानाच्या आत बसणे मात्र बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे, कारण व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी लाखो रुपये मोजावे लागतात. शाळेच्या एखाद्या खोलीत प्लायवूडचे कॉकपिट उभारायचे तर ते कसे रचावे, याचा विचार येथे करू.

पहिला मोह असतो तो हुबेहूब दिसण्याचा. रंगवलेल्या तबकड्या, शंभर बटणे, लुकलुकणारे दिवे! आमच्या मते पैसा आणि वेळ येथे वाया जातो. हाताला, पायाला आणि डोळ्यांना जे जाणवते ते खरे असले पाहिजे. बाकी पुठ्ठा चालेल.

म्हणून सुरुवात डोळ्यांपासून करावी. बसणाऱ्याचे डोळे कोठे येतात तो बिंदू आधी नक्की करावा आणि सारी मापे तेथून घ्यावीत. पण मुलांची उंची सारखी नसते, त्याचे काय? बिरसीला शिकवण्यासाठी वापरले गेलेले डायमंड डीए-४० हे विमान येथे चांगली वाट दाखवते. त्यात खुर्ची पक्की बसवलेली असते आणि पायांतील पेडले पुढेमागे सरकतात. आपणही तसेच करावे. पाय लांब असोत की आखूड, पडद्यापासूनचे डोळ्यांचे अंतर बदलत नाही. उंचीतला फरक उशीने भरून काढता येतो. पडद्यावरचे क्षितिज डोळ्यांच्या पातळीत यावे. विमान वर गेले की क्षितिज खाली जाते असे विद्यार्थ्यांना वाटते, पण ९०० मीटर उंचीवरूनही ते एका अंशापेक्षा कमीच खाली जाते.

आता पडदा. ५३ सेंटिमीटर रुंदीचा मॉनिटर डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर ठेवला तर तो डोळ्यांशी किती कोन करतो? अर्धी रुंदी २६.५, तिला ६० ने भागले की ०.४४, ज्या कोनाचा टॅन्जंट ०.४४ तो कोन सुमारे २४ अंश, आणि त्याची दुप्पट ४८ अंश. मॉनिटर म्हणजे ४८ अंशांची खिडकी झाली. पण जास्त प्रदेश दिसावा म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ९० अंशांचे दृश्य निवडले, तर तेवढे सगळे त्याच खिडकीत कोंबले जाते आणि मधोमधच्या वस्तू निम्म्याहून लहान दिसतात. ४५ मीटर रुंदीची धावपट्टी ९०० मीटर अंतरावरून पाहिली तर गुणोत्तर एकास वीस, म्हणजे आपल्या पडद्यावर ती ३ सेंटिमीटर रुंद दिसायला हवी. ९० अंशांच्या दृश्यात ती जेमतेम १.३ सेंटिमीटर भरते. धावपट्टी अजून बरीच दूर आहे असे समजून शिकणारा विमान उशिरा सावरतो, आणि ही खोटी सवय एकदा लागली की मोडणे कठीण. पडद्यावर फूटपट्टी धरून हे माप जरूर तपासावे. समरूप त्रिकोणांना याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

डीए-४० मध्ये चाक नसून दोन पायांच्या मध्ये उभा दांडा असतो. घरी करायला हे सोयीचे, कारण चाकाला फिरणे आणि सरकणे अशा दोन्ही गती द्याव्या लागतात, तर दांड्याला एकमेकींशी काटकोनात असलेल्या दोन बिजागऱ्या पुरतात. बिजागरीत प्ले राहिला की हात थरथरल्यासारखे विमान डुलते. यासाठी लेथवर कातलेले पितळी बुश बसवावेत. पितळेच्या कामासाठी नाव असलेल्या भंडाऱ्यात ते करून देणारा कारागीर शोधायला फार लांब जावे लागू नये.

दांड्याची हालचाल संगणकाला कळवायची ती पोटेंशिओमीटरने, म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करतो त्याच जातीच्या भागाने. मात्र आवाजासाठीचा घेऊ नये; त्याचा रोध कोनाच्या सम प्रमाणात वाढत नाही. रेषीय, बहुधा ‘बी १०के’ असा छापा असलेला घ्यावा. त्याच्या दोन टोकांना ५ व्होल्ट दिले की मधल्या तारेवरचा दाब कोनाप्रमाणे बदलतो, आणि अर्डुइनो लिओनार्डोसारखे छोटे सर्किट तो दाब ० ते १०२३ अशा आकड्यात मोजून संगणकाला जॉयस्टिक म्हणून कळवते.

येथे एक खोच आहे. पोटेंशिओमीटर सुमारे २७० अंश फिरतो, पण दांडा दोन्ही बाजूंना २०-२० मिळून ४० अंशच हलतो. थेट जोडला तर १०२४ पैकी फक्त दीडशेच पायऱ्या वापरल्या जातात, आणि उतरताना लागणाऱ्या बारीक हालचाली त्यांत हरवतात. जुन्या रेडिओचा काटा दोऱ्याने सरकत असे. तीच युक्ती येथे करावी. दांड्याला १० सेंटिमीटर त्रिज्येचा लाकडी कंस लावून त्यावरचा दोरा पोटेंशिओमीटरच्या २ सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीभोवती गुंडाळावा व स्प्रिंगने ताणून ठेवावा. गुणोत्तर पाच; ४० अंशांचे २०० झाले आणि पायऱ्या साडेसातशेवर गेल्या. दातेरी चाकांनीही हे साधते, पण त्यांच्या दातांत पुन्हा प्ले येतो.

दांड्याला मध्यावर आणायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या चालतात. येथे थोडी तडजोड आहे हे मुलांना सांगावे. स्प्रिंगचा जोर दांडा किती हलवला यावर ठरतो. खऱ्या विमानात तो हवेच्या वेगाच्या वर्गाप्रमाणेही वाढतो. वेग दुप्पट, तर त्याच हालचालीला चौपट जोर. वेग घटत चालला की दांडा हातात सैल लागतो आणि वैमानिक सावध होतो. ट्यूबची पट्टी ही सूचना देत नाही.

फ्लाइटगिअर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. संगणक जुना असेल तर त्यातील झाडे, इमारती, ढग कमी करावेत. दांडा हलवल्यानंतर दृश्य बदलायला सेकंदाच्या दशांशाहून जास्त वेळ लागू लागला की चालवणारा आधीच्या चुकीची दुरुस्ती दोनदा करतो आणि विमान वरखाली हेलकावे खाऊ लागते. अशा वेळी दोष हाताचा नसतो. दृश्य देखणे असण्यापेक्षा ते वेळेवर येणे महत्त्वाचे.

कॉकपिट हलते करावे काय? मोठे सिम्युलेटर सहा दट्ट्यांवर उभे असतात आणि एक गमतीची फसवणूक करतात. पडदाही सोबत कलत असल्याने खुर्ची १० अंश मागे कलल्याचे डोळ्यांना कळत नाही. कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला मात्र गुरुत्वाचा सहावा भाग पाठीकडे ओढताना जाणवतो आणि विमान वेग घेत आहे असे वाटते. हे अगदी हळू करावे लागते, नाहीतर लबाडी उघडी पडून मळमळ सुरू होते. घरी हा उद्योग करू नये. स्थिर खुर्ची बरी. खुर्चीखाली एखादा जुना स्पीकर बसवून इंजिनाची थरथर तेवढी द्यावी.

या कॉकपिटातले तास परवान्यासाठी मोजले जात नाहीत. तेथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेलीच यंत्रे चालतात. आणखी एक अडचण उड्डाण शिकवणारे नेहमी सांगतात. घरी सिम्युलेटरवर रमलेला विद्यार्थी तबकड्यांना डोळे चिकटवून बसतो, बाहेर पाहतच नाही. आणि खऱ्या आकाशात दुसरे विमान दिसते ते काचेतूनच. म्हणून पहिल्या दहा-बारा उड्डाणांत यंत्रफलकावर पुठ्ठा लावून ठेवावा, वेग दाखवणारा काटा तेवढा उघडा ठेवावा, आणि क्षितिज विमानाच्या नाकाच्या किती बोटे वर आहे हे मुलांना मोठ्याने सांगायला लावावे.